वकीलकाका काही बोलले नाहीत

तेराव्याचे गोडजेवण आटोपले, अंगणातला मांडव उतरला आणि चौदाव्या दिवशी सकाळी दहा वाजता तिन्ही भावंडे वकिलांच्या दारात येऊन उभी राहिली. एकत्र ठरवून मात्र कोणी आले नव्हते. थोरला आपल्या गाडीतून उतरला, धाकटा मोटारसायकलवरून आला आणि ताई रिक्षाने. बाहेरच्या बाकड्यापाशी तिघांची गाठ पडली, तेव्हा तिघांनाही जरा ओशाळल्यासारखे झाले. प्रत्येकाला वकिलांना एकट्याने गाठायचे होते.

पश्चिम महाराष्ट्रातले हे तालुक्याचे गाव. वकील सत्तरीच्या घरातले. सारे गाव त्यांना वकीलकाका म्हणते. गेलेले गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. पगारातून आणि फंडातून त्यांनी दुमजली घर बांधले, गावाबाहेर दोन एकर बागायत जमीन घेतली. जमिनीच्या खरेदीपासून बांधाच्या भांडणापर्यंत तीस वर्षे त्यांचे सगळे कागद वकीलकाकांच्या हातून गेलेले.

भांडणाचे कारण एक मृत्युपत्र होते. तीन वर्षांपूर्वी केलेले, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत रीतसर नोंदवलेले. त्यात घर आणि जमीन धाकट्याला, बँकेतली ठेव थोरल्याला आणि मुलीला काही नाही. 'तिच्या लग्नात तिला दिलेले आहे' एवढेच एक वाक्य तिच्या वाट्याला आले होते. नवल म्हणजे हे मृत्युपत्र वकीलकाकांनी लिहिलेले नव्हते. ते परस्पर दुसरीकडून लिहून घेतले होते, निबंधकांच्या कचेरीत वडिलांना धाकटाच घेऊन गेला होता आणि दोन्ही साक्षीदार त्याच्याच ओळखीचे होते.

ताईच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट घर करून बसली होती. वडील जाण्याच्या चार महिने आधी, दिवाळीला ती माहेरी आली असताना, ते तिला म्हणाले होते, "चल, जरा वकिलांकडे जाऊन येऊ." ती तासभर बाहेर याच बाकड्यावर बसली. आतले दार बंद होते. बाहेर आल्यावर वडिलांनी चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाले, "एक ओझं उतरलं." पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. दुसरे मृत्युपत्रही कुठे सापडले नाही.

"काका, त्या दिवशी बाबा तुमच्याशी काय बोलले?" तिने विचारले.

"ते मला सांगता येणार नाही."

"पण बाबा आता राहिले नाहीत."

"म्हणूनच सांगता येणार नाही, बाळ. ते असते तर मी त्यांना विचारून तुला सांगितलं असतं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आले. धाकटा मान खाली घालून पायाजवळच्या फरशीकडे पाहत राहिला. थोरल्याने मात्र आवाज चढवला, "आम्ही त्यांची मुलं आहोत. आमच्यापासून लपवायचं काय?" वकीलकाकांनी तिघांसाठी चहा मागवला. चहा आला, तो तिघांनी घेतलाही. पण उत्तर काही मिळाले नाही.

घरातले माणूस गेले की त्याचे कपाट उघडले जाते, पासबुके बाहेर येतात, उशीखालची चावीसुद्धा सापडते. जे त्याचे ते सगळे आता आपले, असेच घरच्यांना वाटते. त्यात काही चूक नाही. मग त्याने वकिलाला सांगितलेली गोष्टही वारसाने आपल्याकडे यायला नको का?

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचे १२६वे कलम सांगत होते की, अशिलाने कामाच्या निमित्ताने वकिलाला सांगितलेली गोष्ट, त्यासाठी दाखवलेला कागद आणि वकिलाने दिलेला सल्ला अशिलाच्या स्पष्ट संमतीशिवाय वकिलाने कधीही उघड करायचा नाही. काम संपले तरी हे बंधन संपत नाही, हेही तेथे स्पष्ट केले होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. तोच नियम आता त्याच्या १३२व्या कलमात आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही वकिलाने हे बंधन मोडू नये, असे वेगळे बजावले आहे.

बंधन एकट्या वकिलावर नसते, त्याच्या कारकुनावरही असते. हे धाकट्याला ठाऊक नव्हते. आठवडाभराने त्याने वकीलकाकांच्या म्हाताऱ्या कारकुनाला एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात गाठले, भजी मागवली आणि हळूच विषय काढला. कारकुनाने भजी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाला, "मालक, या कानानं ऐकलेलं मी घरी बायकोलाही सांगत नाही. तुमच्या भज्यांचे पैसे मी देतो."

गुप्ततेलाही हद्द असते. अशील वकिलाकडे बेकायदा काम साधण्यासाठी आला असेल, तर त्या बोलण्याला संरक्षण नाही. काम हाती घेतल्यानंतर एखादा गुन्हा किंवा फसवणूक झाल्याचे वकिलाच्या लक्षात आले, तर ती वस्तुस्थितीही झाकली जात नाही. शिवाय संरक्षण मिळते ते वकील म्हणून विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला. कट्ट्यावर मित्र म्हणून मारलेल्या गप्पांना नाही. मुख्याध्यापक आणि वकीलकाका यांची मैत्री जुनी होती. संध्याकाळी दोघे नदीकडे फिरायला जात. पण त्या दिवशी मुख्याध्यापक कचेरीच्या वेळेत आले, दार लावून बोलले आणि जाताना हट्टाने फी देऊन पावती घेऊन गेले. तो तास मैत्रीतला नव्हता, हे त्यांनी स्वतःच जणू लिहून ठेवले होते.

माणूस गेल्यावर त्याचे गुपित कोणाचे, हा प्रश्न काही आपल्याकडेच पडतो असे नाही. अमेरिकेत तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. व्हिन्सेंट फॉस्टर हे अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या व्हाइट हाउसमधले उपविधी सल्लागार. प्रवास विभागातल्या कर्मचाऱ्यांना काढून टाकल्यावरून चौकशीचे सावट आले, तेव्हा जुलै १९९३ मध्ये ते जेम्स हॅमिल्टन या वकिलांकडे सल्ल्यासाठी गेले. दोघे दोन तास बोलले. हॅमिल्टन यांनी हाताने तीन पाने टिपणे काढली. त्यानंतर नऊ दिवसांनी फॉस्टर यांनी आत्महत्या केली.

पुढे चौकशी करणाऱ्या स्वतंत्र अभियोक्त्यांनी ती तीन पाने मागितली. त्यांचे म्हणणे असे की, माणूस गेला, आता त्याचे काय नुकसान होणार? खालच्या न्यायालयाने एक सांगितले, अपील न्यायालयाने दुसरे. अखेर २५ जून १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला : अशिलाच्या मृत्यूनंतरही गुप्तता कायम राहते. ती तीन पाने उघडली गेली नाहीत.

मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी दिलेले कारण कोणत्याही घरात समजेल असे आहे. माणसाला आपल्या मागे राहणाऱ्या नावाची काळजी असते. मित्रांना, घरच्यांना आपल्या बोलण्याचा त्रास होऊ नये असे त्याला वाटते. आपण गेल्यावर वकील सगळे सांगून टाकणार, हे आधीच ठाऊक असेल, तर तो जिवंतपणीही मोकळेपणाने बोलणार नाही. म्हणजे मेलेल्याची गुप्तता राखायची ती खरे तर उद्या वकिलाकडे जाणाऱ्या जिवंत माणसासाठी.

पण याच निकालात इस्टेटीच्या भांडणापुरता एक जुना अपवादही मान्य केला आहे. भांडण परक्याशी नसून एकाच मृताच्या वारसांमध्ये असेल आणि प्रत्येक जण 'माझा हक्क त्यांच्याकडूनच आला' असे म्हणत असेल, तर त्याची खरी इच्छा काय होती हे कळावे म्हणून वकिलाला बोलता येते. इंग्लंडमध्ये १८५१ साली आणि अमेरिकेत १८९७ साली न्यायालयांनी हे सांगून ठेवले होते. गुप्तता अशिलाच्या भल्यासाठी, तेव्हा त्याची इच्छा पार पडावी म्हणून ती सैल करणे हेही त्याच्या भल्याचेच, असा त्यामागचा विचार. आपल्या कायद्याच्या कलमात हा अपवाद शब्दांत लिहिलेला नाही. तेथे अशिलाची स्पष्ट संमती हवी, एवढेच म्हटले आहे. मग प्रत्यक्ष प्रकरणात प्रश्न उभा राहिला की वकिलाने तो आपल्या मनाने सोडवायचा नसतो, न्यायाधीशांपुढे ठेवायचा असतो.

वकीलकाकांच्या पत्नीने एका रात्री जेवताना त्यांना टोकलेच, "अहो, पोरीचं नुकसान होत असेल तर एक शब्द बोलायला काय हरकत आहे?"

"कोर्टानं विचारलं आणि सांग म्हणून हुकूम केला, तर सांगेन," ते म्हणाले. "पण ओसरीवर बसून चहाबरोबर सांगणार नाही. आज तिच्यासाठी बोललो, तर उद्या दुसऱ्या कोणासाठी तरी बोलावं लागेल. मग या गावात माझ्यापुढे खरं कोण बोलेल?"

ताई पुन्हा एकदा एकटी आली, तेव्हा मात्र त्यांनी तिला बसवून घेतले आणि कायदा समजावून सांगितला. वडिलांचे बोलणे नव्हे, फक्त कायदा. मृत्युपत्र तोंडी बोलण्याने बदलत नाही. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र करताना करणाऱ्याची सही किंवा अंगठा लागतो आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते रद्द करायचे तर नवे मृत्युपत्र हवे, किंवा तशाच पद्धतीने सह्या करून लिहिलेला कागद हवा, नाहीतर रद्द करण्याच्या हेतूने त्याने मूळ मृत्युपत्र फाडलेले किंवा जाळलेले हवे. "त्यांनी माझ्याकडे काहीही बोललं असो," ते म्हणाले, "सही नसेल तर त्या बोलण्यानं जुना कागद आपोआप पुसला जात नाही. माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस. कागदाकडे बघ. आणि ते बघायला दुसरा वकील कर. मी उद्या साक्षीदार होण्याचा संभव आहे, तेव्हा मला तुझं वकीलपत्र घेता येणार नाही."

ताईने जिल्ह्याच्या गावातून एक तरुण वकील बाई केल्या. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले की, वकिलाचे तोंड बंद असले तरी सत्याकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ असतात. मृत्युपत्र नोंदवलेले असले की ते निबंधकांच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये उतरते. करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. कागदाचे गुपित असे मृत्यूबरोबर संपते, वकिलाला सांगितलेल्या शब्दांचे संपत नाही.

नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले असेही नाही. सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी हयात असलेल्या निदान एकाला न्यायालयात बोलवावे लागते. करणाऱ्याची सही आपल्या डोळ्यांदेखत झाली का, तो त्या वेळी शुद्धीवर होता का, हे त्याला उलटतपासणीत सांगावे लागते. डॉक्टरांची कागदपत्रे येतात, बँकेतल्या सह्या जुळवल्या जातात. ज्याला फायदा झाला त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची जागा ठरते आणि तो संशय फेडण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगितले आहे. वडिलांना कचेरीत कोण घेऊन गेले आणि साक्षीदार कोणाचे मित्र, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे होते.

दावा दाखल झाला. तारखा पडू लागल्या. वकीलकाकांना साक्षीचे समन्स निघाले. ते नेमाने हजर झाले. त्या दिवशी मुख्याध्यापक आपल्याकडे आले होते, एवढे आपण सांगू शकतो. ते काय बोलले हे सांगण्यास आपली हरकत आहे, असा लेखी अर्ज त्यांनी सोबत आणला होता. त्या अर्जावर युक्तिवाद व्हायचा होता. पण त्याआधीच न्यायाधीशांनी भावंडांचे भांडण म्हणून प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले.

मध्यस्थ म्हणून बसलेल्या ज्येष्ठ वकील बाईंनी तिघांचे म्हणणे ऐकून घेतले आणि सरळ विचारले, "तुम्ही तिघं वारस आहात. वकीलसाहेबांनी सगळं सांगावं, अशी तिघांनी मिळून लेखी संमती देता का? दिलीत, तर मग तसा अर्ज न्यायाधीशांपुढे ठेवता येईल. विचार करा. सांगायला लागले तर ते अर्धं सांगणार नाहीत. जे असेल ते सगळं बाहेर येईल."

खोलीत कोणी बोलेना.

धाकट्याला आठवले, धंद्यासाठी वडिलांच्या फंडातून घेतलेले पैसे आणि त्यांना कधी न दाखवलेला हिशेब. थोरल्याला आठवले ते आईचे शेवटचे आजारपण. चार वेळा फोन येऊनही त्याला रजा मिळाली नव्हती. खरे म्हणजे त्याने ती मागितलीच नव्हती. आणि ताई? आठ वर्षांपूर्वी तिच्या संसारात एक वाईट वेळ आली होती. तेव्हा ती रात्रीच्या गाडीने माहेरी आली होती, वडिलांनी कोणाला न सांगता पैसे उभे केले होते आणि चौथ्या दिवशी तिला परत पोचवले होते. तिच्या सासरी हे आजही कोणाला माहीत नाही. 'एक ओझं उतरलं,' असे वडील म्हणाले होते. ते ओझे जमिनीचेच होते, असे तिने धरून चालले होते. ते तिचेही असू शकत होते.

इतके दिवस तिला वाटत होते की वकीलकाकांच्या गप्प राहण्याने आपला हक्क अडला आहे. त्या खोलीत पहिल्यांदाच तिच्या मनात आले की, त्याच गप्प राहण्याने आपली लाजही राखली असेल.

"नको," ती म्हणाली. "बाबांनी मला सांगायचं असतं, तर रिक्षात सांगितलं असतं."

भाऊ काही बोलले नाहीत. पण दोघांच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसला. त्यानंतरच्या दोन बैठकांत जे महिनोन्‌महिने झाले नव्हते ते झाले. वडिलांचा शब्द कोणाच्या बाजूचा, हे शोधणे थांबले आणि तिघे आपापले बोलू लागले. धाकट्याने वडिलांना शेवटपर्यंत सांभाळले होते, हे बाकीच्यांनी मान्य केले. घर त्याच्याकडे राहिले. दोन एकरांपैकी एक एकर ताईच्या नावे आणि एक थोरल्याच्या, ठेवीचे तीन वाटे असे ठरले. तडजोडपत्र झाले, त्यावर न्यायालयाचा हुकूमनामा झाला आणि पुढे तलाठ्याकडे फेरफार पडला. कोणालाच मनासारखे सगळे मिळाले नाही. राखीला मात्र ताई माहेरी गेली.

वडील त्या तासात काय बोलले, हे तिघांना आजतागायत कळलेले नाही. ते नवे मृत्युपत्र करायला गेले होते, की जुन्याबद्दल काही सांगायला, की केवळ मन मोकळे करायला, हे ठाऊक असलेली माणसे दोनच, वकीलकाका आणि त्यांचा कारकून. हळहळ वाटावी अशी ही गोष्ट आहे खरी. पण चूक वकिलाची नाही. मुलांना कळावे असे जे असते, ते बापाने मुलांना सांगायचे असते किंवा सही करून, दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवायचे असते. ते जिवंतपणी कोणाच्या दृष्टीस पडू नये असे वाटत असेल, तर मोहोरबंद पाकिटात जिल्ह्याच्या निबंधकांकडे ठेवण्याची सोय १९०८च्या नोंदणी कायद्यात आहे. मृत्यूनंतर अर्ज केल्यावर पाकीट उघडले जाते. वकिलाच्या कानात ठेवलेली गोष्ट मात्र निरोप म्हणून पोचत नाही. ती तेथे ठेवायची, ती तेथेच राहावी म्हणून.

यंदा दिवाळीनंतर ताई पुन्हा वकीलकाकांच्या कचेरीत आली. सोबत कॉलेजात शिकणारी तिची मुलगी होती. पिशवीत लाडवांचा डबा होता आणि एक एकराचा नवा सातबारा. तिला आपले मृत्युपत्र करायचे होते. इतक्या लवकर कशाला, असे घरी सगळे म्हणाले. पण बाकड्यावर बसून वाट पाहण्याचा अर्थ तिला एव्हाना चांगला कळला होता. कोणाला काय द्यायचे, हे तिने आधीच जेवणाच्या ताटावर मुलांना सांगून टाकले होते. आता फक्त ते कागदावर उतरवायचे होते.

पण कागदावर उतरवायचे नव्हते असेही काही तिच्या मनात होते. आठ वर्षे तिने ते कोणापाशी बोलून दाखवले नव्हते.

"काका, दार लावू का?" तिने विचारले.

वकीलकाकांनी मान हलवली. कारकुनाने लाडवांचा डबा आत नेऊन ठेवला. मुलगी बाहेरच्या बाकड्यावर बसली.

ताई तासभर बोलत होती.